सव्वा पेग जिन आणि शनीची कडी: टिकी कॉकटेलबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टिकी ड्रिंक्सवर लिहिलं होतं, म्हणजे कॅलिफोर्नियात १९३०च्या दशकात सुरू झालेली ती फळांचे रस, मसाल्यांची सिरप्स आणि चुरा बर्फ घातलेली रमची कॉकटेल्स. त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे त्यातली निम्म्याहून जास्त जिनबद्दल विचारणारी आहेत, म्हणून हा अख्खा कॉलम जिनलाच दिलाय.

प्रश्न: ताई, नमस्कार. तुम्ही दिलेली सगळी ड्रिंक्स रमची होती आणि आमच्याकडे रम कोणालाच आवडत नाही, जिन मात्र सगळ्यांना चालते. जिनचं खरंखुरं टिकी कॉकटेल असतं का, की रमच्या जागी जिन ओतायची एवढंच? आणि घरी जमेल का? माझ्याकडे शेकर वगैरे काही नाहीये, मिक्सर, चहाची गाळणी आणि ३० मिलीचा पेग मेजर एवढंच आहे.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: असतं, आणि एक तर इतकं सुरेख आहे की मी कोणालाही पहिलं तेच करायला सांगते. त्याचं नाव सॅटर्न, म्हणजे शनी. पोपो गाल्सिनी नावाचे फिलिपिनो वंशाचे बारटेंडर कॅलिफोर्नियात काम करायचे, त्यांचं हे ड्रिंक, आणि १९६७ साली बारटेंडर लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धेत ते पहिलं आलं. नंतर ते जवळजवळ विसरलं गेलं होतं, जेफ बेरी म्हणून टिकीचे अभ्यासक आहेत त्यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. फिलिपिनो बारटेंडर हे नाव मी मुद्दाम घेतेय, कारण टिकी म्हटलं की डॉन बीचकोंबर आणि ट्रेडर विक ही दोन बारमालकांची नावं सगळे सांगतात, पण त्या बारच्या मागे उभं राहून ड्रिंक्स बनवणाऱ्यांत फिलिपीन्सहून आलेली कितीतरी माणसं होती आणि त्यांची नावं फारशी कुठे येत नाहीत.

आता रमच्या जागी नुसती जिन का ओतायची नाही ते सांगते. रमला उसाचा, काकवीचा जड गोडवा असतो, तो अननस, दालचिनी, दोन-तीन रस सगळं अंगावर घेतो. जिनची मजा वेगळी, तिच्यात ज्युनिपरचा म्हणजे हाऊबेराचा पाइनसारखा वास असतो, धण्याचा लिंबाकडे झुकणारा वास असतो, आणि वर अननसाचा रस बदाबदा ओतला की हे सगळं गडप होतं, मग जिन घातली काय आणि व्होडका घातली काय सारखंच. सॅटर्नमध्ये म्हणूनच मोठ्या प्रमाणात कुठलाच रस नाहीये, सगळं थोडं थोडं आहे.

प्रमाण लक्षात ठेवायला अगदी सोपं आहे कारण अमेरिकन औंस आणि आपला ३० मिलीचा पेग जवळजवळ एकच:

जिन सव्वा पेग, लिंबाचा रस अर्धा पेग, पॅशन फ्रूटचं सिरप अर्धा पेग, बदामाचं सिरप पाव पेग, फलर्नम पाव पेग.

बदामाच्या सिरपला बारमध्ये ऑर्झा म्हणतात, आणि फलर्नम हे बार्बाडोसकडचं लवंग, आलं आणि लिंबाच्या सालीचं सिरप, दोन्ही कसं करायचं ते पुढच्या उत्तरात आहे. पाव पेग मोजायला मेजर नसेल तर दीड टीस्पून घ्या, बरोब्बर साडेसात मिली होतं.

करायचं असं की हे सगळं मिक्सरच्या भांड्यात घाला, वर मोठा कप भरून बर्फाचा चुरा घाला आणि मिक्सरचं बटण डावीकडे फिरवून जे झटके देतो ना, तसे चार-पाच झटके द्या, बास. पाच सेकंदांच्या वर जाऊ नका, आपल्याला गोळ्याचा बर्फ हवाय, मिल्कशेक नकोय. अख्खे क्यूब टाकू नका, आधी जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून बत्त्याने फोडून घ्या, कारण अख्खा बर्फ फुटेपर्यंत मिक्सर चालवावा लागतो आणि तोवर अर्धं ड्रिंक पाणी होतं. बर्फासकट ग्लासात ओता. सजावट म्हणून लिंबाच्या सालीची लांब पट्टी काढून चेरीभोवती कड्यासारखी गुंडाळतात आणि टूथपिकने टोचतात, शनी आणि त्याची कडी. ही सजावट टाळू नका, घोट घेताना सालीतल्या तेलाचा वास नाकात जातो आणि चवीत खरंच फरक पडतो.

दोन गोष्टी मात्र जपा. ज्या भांड्यात लसणाची चटणी किंवा वाटण होतं ते भांडं वापरू नका, कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात वास राहतो. आणि बर्फ फ्रीजरमध्ये झाकण असलेल्या डब्यात लावा, उघडा बर्फ फ्रीजमधले सगळे वास शोषतो आणि या ड्रिंकमध्ये बर्फ हा निम्मा ऐवज आहे.

लिंबाचं पण बोलायला हवं. मूळ कृतीत पिवळा लेमन आहे, आपलं कागदी लिंबू नाही. कागदी लिंबाचा रस जरा जास्त चावरा लागतो आणि वासही वेगळा, पण ड्रिंक छान होतं, फक्त अर्ध्या पेगाऐवजी अडीच टीस्पून घालून चव बघा आणि मग वाढवा. रस त्याच दिवशी पिळायचा. बाटलीतला लिंबाचा रस नको म्हणजे नकोच, ताज्या रसाशिवाय टिकीला अर्थच नाही.

जिन कुठली, तर साधी लंडन ड्राय, म्हणजे वरून गोडवा न घातलेली. हल्ली गोव्यात बनणाऱ्या जिन चांगल्या आहेत, ग्रेटर दॅन आहे, स्ट्रेंजर अँड सन्स आहे, दोन्ही चालतील. गुलाबी, स्ट्रॉबेरीवाल्या जिन नकोत, सिरपचा गोडवा आणि तो वास मिळून औषधाच्या बाटलीसारखं काहीतरी होतं.

प्रश्न: ऑर्झा आणि फलर्नम इथे मिळत नाही, ऑनलाइन बघितलं तर किंमत बघूनच बंद केलं. घरी होईल का? आणि बदामाचं सिरपच हवंय तर बाजारातलं बदाम सरबत किंवा ठंडाईचं सिरप का नाही चालणार?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ठंडाईत बडीशेप, मिरी, वेलची, कधी केशर असतं, ते जिनच्या वासाशी भांडतं. बाजारातल्या बदाम सरबतातही बहुतेकदा वेलची असते आणि रंग असतो, बदाम मात्र जेमतेम. घरी करा, तुमच्या माझ्यासारख्या ज्यांनी मसाले दुधासाठी बदाम वाटलेत त्यांना हे अजिबात अवघड नाही.

१०० ग्रॅम बदाम रात्रभर भिजवा, सालं काढा, २०० मिली कोमट पाण्याबरोबर मिक्सरला बारीक वाटा. अर्धा तास तसंच राहू द्या, मग श्रीखंडाला चक्का बांधतो त्या मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. जेवढं दूध निघेल तेवढ्याच वजनाची साखर घाला आणि अगदी मंद आचेवर ढवळत साखर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळी आणायची नाही, बदामाचं दूध जास्त तापलं की फाटल्यासारखं होतं. गार झालं की बदाम इसेन्सचे दोनच थेंब, कारण मूळच्या ऑर्झात कडू बदामाचा वास असतो जो आपल्या गोड बदामांत नसतो. संत्र्याच्या फुलाचं पाणी मिळालं तर अर्धा चमचा घाला. नाही मिळालं तर गुलाबपाणी अर्धा चमचाच, त्याने ड्रिंक थोडं आपल्याकडचं लागेल पण वाईट नाही लागणार, केवडा मात्र नको, तो सगळ्यांवर बसतो. फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतं, वर साय आल्यासारखा थर येतो तो खराब झाल्याचा नाही, बदामाचं तेल वर येतं, बाटली हलवायची. उरलेला बदामाचा चोथा शिऱ्यात घाला.

फलर्नम त्याहून सोपं. ९० मिली पांढरी रम घ्या (आणि घरात रम नकोच असेल तर जिन घ्या, चालतं), त्यात २० लवंगा, २० ग्रॅम आल्याच्या पातळ चकत्या आणि सहा कागदी लिंबांची किसलेली साल घालून बाटली बंद करून २४ तास ठेवा. साल किसताना फक्त हिरवा भाग घ्यायचा, खालचा पांढरा आला की सगळं कडू. लवंगा आधी तव्यावर जराशा गरम करून घेतल्या तर वास मोकळा होतो, पण काळ्या होऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी गाळा, त्यात दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा केलेला पाक साधारण २०० मिली गार करून मिसळा, बदाम इसेन्सचा एक थेंब, झालं. लवंगा २४ तासांच्या वर ठेवू नका, लवंगेने जीभ बधिर होते हे आपल्याला दातदुखीत माहीतच असतं, इथे तेवढी लवंग नकोय. हे महिनाभर टिकतं.

मला विचाराल तर पूर्ण कृतीत खरी मेहनत या दोन बाटल्यांचीच आहे आणि ती करायलाच हवी. जिन महागातली घेऊन सिरप्समध्ये तडजोड करण्यापेक्षा उलटं करा, साधी जिन आणि घरची सिरप्स, कितीतरी पटीने चांगलं ड्रिंक मिळेल.

प्रश्न: आमच्याकडे पॅशन फ्रूट कधी दिसलंच नाही. क्रश मिळतो. त्याऐवजी आंबा घातला तर?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: पॅशन फ्रूट केरळात, कूर्गला, ईशान्येकडे भरपूर होतं, कूर्गला कोणी जाणार असेल तर आणायला सांगा, साल सुरकुतलेली असेल तितकं आत गोड. गर चमच्याने काढून गाळणीवर घासायचा, बिया वर राहतात, आणि जेवढा रस तेवढाच साधा पाक, एकास एकचा, गार करून मिसळायचा. रस उकळू नका, सगळा वास उडून जातो. क्रश वापरायचा तर वापरा पण तो फार गोड असतो, अर्ध्या पेगाऐवजी दोन टीस्पून घ्या आणि लिंबू थोडं वाढवा.

आंबा नको. पॅशन फ्रूटचं काम आंबटपणा आणि तो तीव्र वास देणं हे आहे, हापूस मऊ आणि गोड, त्याने ड्रिंक दाट होतं आणि जिन दबते. कोकमाबद्दल पण दोघांनी विचारलंय, कोकम आणि जिन ही जोडी मला मनापासून आवडते, पण त्यात ऑर्झा घालू नका, कोकम, जिन, थोडी साखर, सोडा, असं वेगळंच प्या.

प्रश्न: ताई, जिनऐवजी काजू फेणी घालून सॅटर्न होईल का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: सव्वा पेग फेणी घातली तर फक्त फेणीच लागेल, लवंग बदाम कुठे गेले कळणारही नाही. एक पेग जिन आणि पाव पेग फेणी असं करा, पॅशन फ्रूटबरोबर काजू फेणीचा तो पिकलेल्या फळाचा वास फार छान जुळतो आणि सगळ्यात शेवटी तोंडात रेंगाळतो. उन्हाळ्यात उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, मिळतो तेव्हा तो जास्त हलका असल्यामुळे अर्धा पेगही चालेल. काजू फेणीला २००९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मुंबई पुण्यातल्या कॉकटेल मेन्यूंमध्ये ती अजून क्वचितच दिसते याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: आम्ही बे एरियात राहतो. सॅन फ्रान्सिस्कोला टोंगा रूम आणि स्मगलर्स कोव्ह या टिकी बारना जाऊन आलो आणि आता घरी टिकी मग घ्यायचा विचार आहे, चेहरे कोरलेले असतात ते. मुलीचं म्हणणं ते घेऊ नये, दुसऱ्यांच्या संस्कृतीची चेष्टा आहे. तुम्हाला काय वाटतं? जिन ड्रिंकला तो मगच लागतो का?
(एक वाचक, फ्रीमाँट)

उत्तर: लागत नाही, आणि मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. टिकी म्हणजे पॉलिनेशियातली, माओरी आणि मार्केसस बेटांवरच्या लोकांची लाकडात, दगडात कोरलेली मानवी रूपं, त्यांच्या परंपरेत ती पूर्वजांशी आणि देवांशी जोडलेली आहेत. डॉन बीचकोंबर यांनी हॉलिवूडमध्ये बार उघडला तेव्हा दारूबंदी नुकतीच उठत होती, मंदीने माणसं गांजलेली होती आणि दूरच्या बेटांचं स्वप्न विकलं गेलं. स्वप्न कॅलिफोर्नियात तयार झालं, रम आणि फलर्नम कॅरिबियनमधलं होतं, आणि चेहरे मात्र पॅसिफिकमधल्या लोकांचे लावले, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्या विठोबाचा चेहरा कोणी दारूच्या मगवर कोरला तर आपल्याला कसं वाटेल एवढंच स्वतःला विचारलं तरी पुरे.

ड्रिंकवर मात्र माझं प्रेम आहे आणि ते करायला तो मग लागत नाही. सॅटर्नचा रंग फिकट सोनेरी, दुधाळ असतो, तो काचेच्या ग्लासातच दिसतो. टोंगा रूम १९४५ची आहे, हॉटेलच्या जुन्या स्विमिंग पूलमध्ये बांधलेली, मधूनमधून कृत्रिम पाऊस पडतो तिथे, ती जागा बघण्यासारखी आहेच. पण ड्रिंकसाठी पुन्हा जाणार असाल तर स्मगलर्स कोव्हलाच जा.

प्रश्न: एवढी सिरप्स करायचा वेळ नाही. जिनचं टिकीतलंच एखादं झटपट सांगा ना!
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: मग सफरिंग बास्टर्ड करा. नाव तसं आहे पण इतिहास जबरदस्त आहे. १९४२ साल, कैरो, शेफर्ड्स हॉटेलचा लाँग बार, जो शालोम नावाचे तिथले बारटेंडर, जे मुळात केमिस्ट म्हणून शिकलेले होते. दुसरं महायुद्ध चालू, जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य इजिप्तमध्ये शिरलेलं, हॉटेलात ब्रिटिश अधिकारी, चांगली दारू मिळेना आणि जी मिळे तिने सकाळी डोकं धरून बसायची वेळ. त्यावर उतारा म्हणून त्यांनी हे बनवलं. ते हॉटेल १९५२च्या जानेवारीत कैरो पेटलं त्यात जळालं, शालोम यांना पुढे इजिप्त सोडावं लागलं, पण ड्रिंक ट्रेडर विकच्या मेन्यूवरून टिकीत येऊन बसलं, जरी विकने त्याचं रमचं वेगळंच काहीतरी केलं होतं.

एक पेग जिन, एक पेग ब्रँडी, अर्धा पेग लिंबाचा रस, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडू अर्क) दोन शिडकावे, उंच ग्लासात बर्फावर ओतायचं आणि वर चार पेग म्हणजे १२० मिली जिंजर बिअर, म्हणजे आल्याचा तिखट सोडा. जिंजर एल वापरू नका, ते मिळमिळीत पडतं. जिंजर बिअर नसेल तर आलं किसून पिळा, तो रस दहा मिनिटं वाटीत स्थिर ठेवा म्हणजे पांढरा साका खाली बसतो, वरचा एक टेबलस्पून रस, दीड टेबलस्पून साखरेचा पाक आणि बाकी थंडगार सोडा. साका गेला तर सोडा गढूळ होतो आणि घशाला खवखवतं. पुदिन्याची काडी तळहातावर एकदा आपटून खोचा. यात दोन पेग दारू आहे आणि ते चवीला अजिबात कळत नाही, त्यामुळे एकावर थांबा.

प्रश्न: आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे आणि तसंही घरात कोणी घेत नाही. पण बदाम, लवंग, पॅशन फ्रूट हे वाचून करावंसं वाटतंय. जिनशिवाय होईल?
(एक वाचक, वर्धा)

उत्तर: होईल, आणि तुम्ही विचारलंत म्हणून खूप बरं वाटलं. काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर मागा, जिनचा मूळ वास त्याचाच. एक टीस्पून हाऊबेर आणि अर्धा टीस्पून धणे जरासे ठेचून १५० मिली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा, फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. जिनच्या जागी हे ६० मिली घ्या. फलर्नम रमशिवाय करायचं, लवंगा, आलं, लिंबाची साल गरम पाकात घालून गार होईपर्यंत ठेवायची आणि गाळायची, हे मात्र आठवड्याभरात संपवा. बाकी सगळं तसंच. गरोदर असाल किंवा किडनीचा त्रास असेल तर हाऊबेर टाळा आणि नुसते धणे वापरा.

प्रश्न: आठ जण येणार आहेत. आधी करून ठेवता येईल का? प्रत्येकाला वेगळं मोजत बसलो तर मलाच गप्पा मारायला मिळणार नाहीत.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नक्की येईल. आठ सॅटर्नसाठी ३०० मिली जिन, १२० मिली पॅशन फ्रूट सिरप, ६० मिली ऑर्झा, ६० मिली फलर्नम हे सकाळीच एका बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, बाटली गार असली की बर्फ कमी वितळतो. लिंबू त्यात घालू नका, पाहुणे यायच्या आधी पिळा, लेमन असेल तर १२० मिली आणि कागदी असेल तर १०० मिली, आणि तेव्हाच मिसळा. मग मिक्सरला एका वेळी दोनच ग्लासांचं लावा, साधारण १६५ मिली मिश्रण आणि दोन मोठे कप बर्फाचा चुरा, बाटली दर वेळी हलवून ओता कारण ऑर्झा तळाशी बसतं. चार घाण्यांत आठ ग्लास होतात. बर्फ मात्र घरच्या ट्रेमध्ये पुरणार नाही, दोन किलोची पिशवी विकत आणा.

एक सांगायचं राहिलं, महाराष्ट्रात जिनसारखी दारू प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परमिट लागतं, एक दिवसाचंही मिळतं, पाहुण्यांत कोणी कॉलेजवाले असतील तर त्यांच्यासाठी वर्ध्याच्या वाचकांना दिलेली कृती करा. आणि सजावटीची सालीची कडी आधी काढून ओल्या टिश्यूत झाकून ठेवा, आयत्या वेळी आठ लिंबं सोलायला बसू नका.